मुलाच्या ताब्याच्या खटल्यात कोर्ट आईवडिलांचं काय तपासतं: नाशिककरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

ताब्याचा अर्ज करायला निघालेले बहुतेक आईवडील दोन गोष्टी धरून चालतात. संसार कोणामुळे मोडला हे ठरलं की मूल कोणाकडे राहणार हेही आपोआप ठरेल, ही पहिली. एकदा आदेश हातात पडला की विषय मिटला, ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांच्यापायी पहिलं वर्ष वाया जातं. कॉल रेकॉर्डिंग जमवली जातात, मावशी-आत्यांची प्रतिज्ञापत्रं होतात, चारित्र्यावर पानंच्या पानं लिहिली जातात. न्यायाधीश मात्र विचारतात की मुलीला सकाळी कोण उठवतं, तिच्या वर्गशिक्षिका कोण, मागच्या वेळी ताप आला तेव्हा डॉक्टरकडे कोणी नेलं.

सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात सांगितलं की मुलं म्हणजे आईवडिलांची मालमत्ता नव्हे, आणि ताब्याचे आदेश परिस्थिती बदलली तर बदलता येतात. सगळी प्रक्रिया या दोन वाक्यांवर उभी आहे. कोर्ट तुमच्याकडे नवरा किंवा बायको म्हणून फार कमी पाहतं. पालक म्हणून मात्र अर्ज दाखल झाल्यापासून मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत पाहू शकतं. ते कसं पाहतं आणि तुम्ही त्यासाठी काय करायचं, ते टप्प्याटप्प्याने सांगते.

अर्ज कुठे आणि कोणत्या कायद्याखाली

नाशिक शहरात राहणाऱ्यांसाठी कौटुंबिक न्यायालय आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने पालकत्व, ताबा आणि मुलाला भेटण्याचे अर्ज याच न्यायालयाकडे दिले आहेत. निफाड, येवला, कळवण किंवा मालेगाव भागात मूल राहत असेल, तर अर्ज कोणत्या कोर्टात जाईल हे आधी वकिलाकडून पक्कं करून घ्या. जिथे कौटुंबिक न्यायालयाचं क्षेत्र नाही तिथे पालकत्वाचे अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अधिकारात येतात. चुकीच्या कोर्टात दाखल केलेला अर्ज परत मिळेपर्यंत कित्येक महिने निघून जातात.

घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताबा, भेट आणि शिक्षणखर्चाचा अर्ज करता येतो. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केलेल्यांसाठी तशीच तरतूद कलम ३८ मध्ये आहे. दावा नसेल, किंवा तुम्ही मुस्लिम असाल, किंवा आजीआजोबांना ताबा हवा असेल, तर १८९० चा पालक आणि पाल्य कायदा लागतो. त्याच्या कलम ९ प्रमाणे मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करायचा. भांडण झालं म्हणून चार आठवड्यांपूर्वी मुलाला माहेरी जळगावला नेलं, तेवढ्याने त्याचं नेहमीचं राहणं जळगावला झालं असं कोर्ट सहजी मानत नाही. घरात मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारीही तात्पुरता ताबा देऊ शकतात.

हिंदू अल्पवयीनता आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं असं म्हटलं आहे. त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं कल्याण सर्वांत वर ठेवतं. त्यामुळे 'मूल चार वर्षांचं आहे, म्हणजे केस जिंकलीच' असं आईने समजू नये, आणि 'कायद्याने नैसर्गिक पालक मीच' असं वडिलांनीही समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या गीता हरिहरन निकालाने १९९९ सालीच आईला वडिलांच्या मागे उभं करणारा अर्थ बाजूला सारला आहे.

वकील आणि मोफत मदत

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाच्या परवानगीने उभा राहतो. प्रत्यक्षात परवानगी मिळते. पैसे नसतील तर जुन्या आग्रा रोडवर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही मिळतो, तर इतर बहुतेक पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

वकील निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: समोरच्याला मुलाला किती भेटू द्यावं असं तुम्हाला वाटतं? 'भेटूच द्यायचं नाही, बघतो कसा येतो' असं उत्तर आलं तर दुसरा वकील शोधा. हा पवित्रा नंतर तुमच्याच अंगावर येतो.

अर्जाआधीची फाइल

जन्मदाखला, लग्नाचा दाखला, आधार आणि पत्त्याचे पुरावे सगळेच आणतात. ताब्यासाठी त्याहून उपयोगी पडतात ते मुलाच्या रोजच्या जगण्याचे कागद. शाळेचा बोनाफाइड, प्रगतिपुस्तकं, पालकसभेच्या हजेरीची नोंद, फी भरल्याच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, स्कूल व्हॅनवाल्याशी झालेले मेसेज. प्रत्येक कागदावर पालक म्हणून कोणाचं नाव आणि कोणाचा फोन नंबर आहे ते पाहा. वर्गशिक्षिकेचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाच वर्षं आईलाच येत असेल, तर ते दहा साक्षीदारांपेक्षा जास्त बोलकं असतं. रोज संध्याकाळी क्लासहून मुलाला आणायला वडीलच जात असतील, तर तेही तितकंच.

कामाच्या वेळा लिहून काढा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात फिरत्या पाळीत असाल तर महिन्याचं पाळीपत्रक जोडा आणि रात्रपाळीत मूल कोणाजवळ असेल ते सांगा. आई नोकरी करते हा दोष धरला जात नाही, आणि वडिलांचा पगार दुप्पट आहे एवढ्याने ताबा मिळत नाही. पण 'रात्री मूल कोणाजवळ?' याला उत्तर नसेल तर तो मुद्दा दोघांनाही जड जातो.

एक ताकीद. मुलाला पुढ्यात बसवून 'बाबांनी काय केलं सांग' असं विचारत व्हिडिओ काढू नका. पुरावा म्हणून तो क्वचितच उपयोगी पडतो. मुलाला कोण पढवतंय हे मात्र त्यातून लख्ख दिसतं.

पहिली तारीख आणि अंतरिम अर्ज

मुख्य अर्ज निकाली निघायला वेळ लागतो, म्हणून त्याच्यासोबतच अंतरिम ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज टाका. समोरच्याला नोटीस जाते, तो आपलं म्हणणं देतो, मग कोर्ट तात्पुरता आदेश करतं. मुलाच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अंतरिम अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढायचा असतो. मात्र समोरच्याने तारखा घेतल्या तर हे 'शक्यतो' लांबत जातं, त्यामुळे वकिलाला त्याची आठवण देत राहा. पोटगीच्या प्रश्नात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तसे निर्देश दिले आहेत. त्यात पगार लपवला आणि तो पुढे उघडा पडला, तर ताब्याच्या बाबतीतही तुमच्या शब्दाची किंमत उतरते.

तुमच्या केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहून ठेवा. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर त्यावरून पुढची तारीख आणि आदेश दिसतात. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदीत, काय नोंदलं गेलं हे दर तारखेनंतर पाहायची सवय लावा.

अंतरिम आदेशाला कमी लेखू नका. मूल दीड-दोन वर्षं एका घरी, एका शाळेत रुळलं की कोर्ट ती घडी मोडायला नाखूश असतं. म्हणून ज्याच्याकडे मूल नाही त्याने पहिल्याच महिन्यात भेटीचा अर्ज करावा. 'मुख्य निकाल लागू दे, मग बघू' म्हणत बसलेले वडील मी पाहिले आहेत. निकालाच्या दिवशी मूल त्यांना ओळखत होतं, पण त्यांच्याकडे जायला तयार नव्हतं.

समुपदेशकासमोर

कौटुंबिक न्यायालयाला समेटाचा प्रयत्न करण्याचं बंधन आहे, म्हणून प्रकरण विवाह समुपदेशकाकडे जातं. लोक याला एक तारीख उरकणं समजतात. माझ्या मते सगळ्या खटल्यात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे.

समुपदेशकासमोर तुम्ही संसाराबद्दल जे बोलता ते गोपनीय राहतं आणि त्यांना साक्षीला बोलावलं जात नाही. मात्र महाराष्ट्रातल्या नियमांत एक वेगळी वाट ठेवलेली आहे. घरचं वातावरण, दोघांचे स्वभाव आणि मुलाशी त्यांचं नातं यांवर कोर्ट समुपदेशकाकडून अहवाल मागवू शकतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या पेरी कन्साग्रा निकालात मुलाच्या ताब्यापुरता समुपदेशकाचा अहवाल कोर्ट विचारात घेऊ शकतं असं स्पष्ट केलं. गरज वाटली तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १२ खाली मानसोपचारतज्ज्ञाची किंवा बालकल्याण क्षेत्रातल्या व्यक्तीची मदतही घेतली जाते.

तिथे जाताना मुलाबद्दल बोलायची तयारी करून जा. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, झोपताना काय लागतं, गणितात कुठे अडतं. एवढं सांगता आलं की पालक म्हणून तुम्ही कुठे आहात ते समुपदेशकाला कळतं. मग दुसऱ्या पालकाबद्दल विचारलं जाईल. तिथे एक तरी चांगली गोष्ट खरेपणाने सांगता यायला हवी. 'तो रागीट आहे, पण पोरीला पोहायला त्यानेच शिकवलं' हे वाक्य तुम्हाला कमीपणा आणत नाही. मुलीच्या मनातला बाप तुम्ही पुसून टाकणार नाही, असा भरवसा त्यातून मिळतो.

२०१७ साली विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या प्रकरणात वडिलांकडे वाढलेल्या मुलीचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने आईकडे दिला. मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित होण्याचा धोका तिथे स्पष्ट बोलून दाखवला गेला. त्याच वेळी, मूल एका पालकाला नको म्हणतंय एवढ्यावरून 'याला पढवलंय' असा शिक्का मारणंही बरोबर नाही. कधीकधी मुलाच्या नको म्हणण्यामागे खरं कारण असतं. समुपदेशकाला ते शोधू द्या.

घरभेट

ताब्यात दिलेल्या मुलाच्या राहण्यावर देखरेख ठेवण्याचा आणि न कळवता घरी येण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या नियमांनी समुपदेशकाला दिला आहे. व्यवस्थेत बदल हवा असं त्यांना वाटलं तर ते कोर्टाला अहवाल देतात, आणि कोर्ट दोघांना नोटीस देऊन आदेश बदलू शकतं. 'निकाल लागला, आता कोणी विचारणार नाही' हा समज इथे खोटा ठरतो.

या भेटीत काय पाहिलं जातं? सिडकोतल्या वन-रूम-किचनमध्ये राहता की गंगापूर रोडच्या बंगल्यात, यावर गुण ठरत नाहीत. मुलाला अभ्यासाला बसायला ठरावीक जागा आहे का, मग ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली पाटी-चटई का असेना. त्याचे कपडे कपाटात लावलेले आहेत की पाहुण्यासारखे बॅगेत. घरात आणखी कोण राहतं, कोणाला दारूचं व्यसन आहे का. मूल घरात मोकळेपणी वावरतं का, की पाणी प्यायलाही कोणाच्या तोंडाकडे पाहतं. वयात आलेली मुलगी असेल तर तिला आडोसा आहे का. दुसऱ्या पालकाचा फोन आला की घरात काय होतं. भिंतीवरचे सगळे फोटो काढून टाकलेत का, हेसुद्धा.

त्या दिवसासाठी घर सजवू नका, मुलाला उत्तरं पाठ करून देऊ नका. आजी रागात असेल तर तिला आधी समजावून ठेवा, कारण घरभेटीत सगळ्यात जास्त नुकसान आजी-आजोबांच्या बोलण्याने होतं. 'त्या बाईकडे कशाला पाठवायचं लेकराला' असं वाक्य नातवासमोर निघालं तर त्याची नोंद होणारच. आजीच्या मनात वाईट नसतं, तिला लेकाचं दुःख दिसत असतं. तिला एवढंच सांगा की आई, हे तू माझ्याजवळ बोल, पोरासमोर नको.

न्यायाधीश मुलाशी बोलतात तेव्हा

पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मूल समजतं झालं असेल तर कोर्ट त्याची पसंती विचारात घेतं. वयाचा ठराविक आकडा कायद्यात नाही. न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात, आईवडिलांना बाहेर थांबवून मुलाशी बोलतात. मुलाने जे सांगितलं ते निकालातला एक घटक असतो. अंतिम शब्द मुलाचा नसतो, आणि त्याच्यासाठी ते बरंच आहे.

आदल्या रात्री मुलाला एवढंच सांगा: 'उद्या एक साहेब किंवा मॅडम तुझ्याशी बोलतील. जे खरं वाटतं ते सांग. काहीही सांगितलंस तरी आम्ही दोघं तुझ्यावर रागावणार नाही. कोणाकडे राहायचं ते तुला ठरवायचं नाही, ते मोठे ठरवतील.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. आठ वर्षांच्या पोराच्या खांद्यावरचं केवढं तरी ओझं त्याने उतरतं. कोर्टातून बाहेर आल्यावर 'काय विचारलं? तू काय सांगितलंस?' असं विचारू नका. भूक लागली का ते विचारा.

भेटीचा आदेश: शब्द काटेकोर हवेत

आपसात तडजोड होत असेल तर पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन ती नोंदवता येते. बहुतेक भांडणं पुढे उपटतात ती ढिलाईने लिहिलेल्या मजकुरातून. 'वडील मुलाला सोयीनुसार भेटतील' असं लिहिलं की सोय कोणाची, यावर पुढची दोन वर्षं जातात. त्याऐवजी असं लिहून घ्या:

'दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ मूल वडिलांकडे राहील. वडील मुलाला आईच्या सोसायटीच्या फाटकाजवळून घेतील आणि तिथेच आणून सोडतील. मूल आजारी असल्यास आई आदल्या रात्री ९ पर्यंत मेसेज व डॉक्टरांची चिठ्ठी पाठवेल आणि ती भेट पुढच्या रविवारी होईल. दर बुधवारी व शुक्रवारी रात्री ८ ते ८.१५ व्हिडिओ कॉल होईल.'

व्हिडिओ कॉल ही आता चैनीची मागणी राहिलेली नाही. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलाला दोन्ही पालकांच्या सहवासाचा हक्क आहे, आणि दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे.

वेळापत्रक तुमच्या जगण्याला धरून हवं. रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन रात्री परतणाऱ्या वडिलांना बुधवारची संध्याकाळची भेट देऊन उपयोग नाही, त्यांना शनिवार-रविवारच हवा. दिंडोरी किंवा निफाडला द्राक्षबाग असेल तर छाटणी आणि काढणीच्या दिवसांत रविवारही मोकळा नसतो. ते महिने आधीच सांगून त्यांच्या बदल्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत जास्त दिवस मागा.

सणांचं तर नाव घेऊन लिहा. 'होळीला मूल वडिलांकडे' असा मजकूर नाशिकमध्ये हमखास वादाला कारण होतो, कारण आपल्याकडे रंग खेळतात तो रंगपंचमीला. रहाडीवर (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर) न्यायचं म्हणून वडील त्या दिवशी दारात उभे राहतात आणि आईच्या हातातल्या कागदावर होळी लिहिलेली असते. तेव्हा होळी, धूलिवंदन, रंगपंचमी वेगवेगळे लिहा. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी करताना लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज एका वर्षी इकडे, पुढच्या वर्षी तिकडे, असं ठरवा. भावंडं वेगळ्या घरी असतील तर राखीपौर्णिमा आणि भाऊबीज एकत्र जाईल अशी तजवीज करा. मुलाचा वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, पालकसभा यांना दोघांनाही हजर राहता येईल असंही लिहून घ्या.

मूल देण्या-घेण्याची जागा शांत निवडा. रामकुंड-पंचवटी परिसर सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत वाहनांना बंद असतो, त्यामुळे २०२७ मधल्या त्या दिवसांसाठी शहराच्या दुसऱ्या भागातली जागा आधीच ठरवून ठेवा. पोलीस चौकीच्या दारात देवाणघेवाण अगदीच नाइलाज असेल तर ठीक, नाहीतर पोरगं दर रविवारी गुन्हेगारासारखं तिथे उभं राहतं.

धोक्याची शंका असेल तर कोर्ट पहिल्या काही भेटी कोर्टाच्या आवारात किंवा समुपदेशकाच्या देखरेखीखाली ठेवतं. यात अपमान मानू नका. वेळेवर या, मोबाइल खिशात ठेवा, एखादं चित्रांचं पुस्तक किंवा रंगपेटी आणा. महागडी खेळणी आणि 'घरी कधी येणार?' हा प्रश्न दोन्ही टाळा. देखरेखीखालच्या भेटी नीट पार पडल्या की बाहेरच्या भेटी मागायला तुमच्या हातात भक्कम आधार येतो.

आदेशानंतरची वही

एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक भेटीची दोन-चार ओळींत नोंद करा. नोंद अशी असावी: 'रविवार. सकाळी १०.१० ला फाटकाजवळ मुलीला घेतलं. चष्मा, खोकल्याचं औषध दिलं गेलं. दुपारी वरण-भात जेवली. ६ ला सोडलं. गणिताची चार उदाहरणं राहिली, आईला सांगितलं.' त्यात शिव्या नकोत, 'नेहमीप्रमाणे नाटक केलं' असे शेरे नकोत. ही वही उद्या कोर्टात वाचली जाईल असं धरून लिहा. दुसऱ्या पालकाशी बोलणं शक्यतो लेखी मेसेजवर ठेवा आणि फक्त मुलाविषयीच बोला. खर्चाचे पैसे बँकेतून पाठवा, म्हणजे नोंद राहते. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवू नका. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज आहेत, आणि एकाचा सूड दुसऱ्यावर काढणाऱ्याकडे कोर्ट कठोरपणे पाहतं.

आदेश पाळला जात नसेल तर

पहिल्यांदा चुकलं तर मेसेज करून कारण विचारा आणि बदली दिवस मागा. दोन-तीनदा झालं की तारखांचा तक्ता करून त्याच कोर्टात अर्ज द्या. कोर्ट समोरच्याला बोलावतं, भरपाईच्या भेटी देतं, खर्च लावतं, आदेशाची अंमलबजावणी करून घेतं. पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम २५ खाली मूल परत आणण्याचे आदेश होऊ शकतात, त्यासाठी शोध वॉरंटचा अधिकारही कोर्टाला आहे. जाणूनबुजून अवमान झाला तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे नेता येतं. पण त्या टोकाला जाण्याआधी समुपदेशकाची एक बैठक मागून बघा. बऱ्याचदा अडथळा वेळेचा किंवा जागेचा असतो आणि तो तासाभरात सुटतो.

मुलाला परस्पर उचलून आणू नका. शाळेच्या फाटकावरून नेलेल्या मुलाची गोष्ट न्यायाधीशांपर्यंत पोहोचते, आणि तोवर तुमच्या बाजूने जमलेलं सगळं त्या एका दुपारी मातीत जातं. समोरच्याने नेलं असेल तर पोलिसांत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या आणि त्याच दिवशी कोर्टात तातडीचा अर्ज करा. मूल बेकायदा डांबलं गेलं असेल तर मुंबई उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिकेचा (डांबलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या याचिकेचा) मार्ग असतो.

खरा धोका असेल तेव्हा

वर जे समजुतीचं सांगितलं ते मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा गंभीर व्यसन असलेल्या घराला लागू नाही. तिथे मुलाची सुरक्षितता आधी. ११२ वर पोलीस, १०९८ वर मुलांसाठीची हेल्पलाइन, १८१ वर महिलांसाठीची. मुलाला लगेच सरकारी रुग्णालयात तपासून घ्या आणि कागद जपून ठेवा. अत्याचाराची माहिती असेल तर पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे. भेट थांबवण्याचा किंवा देखरेखीखाली घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. स्वतःच्या मनाने भेटी बंद करून गप्प बसलात तर आदेश मोडणारे तुम्हीच ठरता. आणि खटल्यात वजन पडावं म्हणून असा आरोप कधीही करू नका. खोट्या आरोपात मुलाची वैद्यकीय तपासणी होते, त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले जातात, आणि ती जखम त्याची त्यालाच आयुष्यभर वागवावी लागते.

नाशिक सोडायचं असेल तर

नोकरी पुण्याला लागली, माहेरी संभाजीनगरला जायचंय, परदेशात संधी आली, तर मुलाला हलवण्याआधी कोर्टाची परवानगी घ्या. नेमलेल्या पालकाने कोर्टाच्या हद्दीबाहेर मूल नेण्यावर पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम २६ चं बंधन आहे, आणि ताब्याच्या आदेशातही तशी अट बहुधा असते. अर्जात नवी शाळा, राहण्याचं ठिकाण, सांभाळायला कोण, आणि दुसऱ्या पालकाच्या भेटींची पर्यायी व्यवस्था लिहा. प्रवासखर्चात वाटा उचलायची तयारी दाखवलीत तर अर्जाला वजन येतं. मुलाच्या पासपोर्टसाठीही दोघांची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागू शकतो, त्यामुळे तिकीट काढण्याआधी हे बघा.

आदेश बदलून घेणं आणि अपील

अंतिम आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येतं. कौटुंबिक न्यायालय कायद्यात मुदत ३० दिवसांची आहे, तेवढीच धरून चाला आणि निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या. अंतरिम आदेशावर अपील होत नाही, रिट याचिका करावी लागते. नाशिकची प्रकरणं मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातात.

परिस्थिती बदलली असेल तर मात्र अपिलाच्या मागे न लागता त्याच कोर्टात बदलाचा अर्ज करणं सोपं पडतं. तीन वर्षांच्या मुलासाठी ठरवलेली दोन तासांची भेट ते आठ वर्षांचं झाल्यावर तोकडी पडते. दुसरं लग्न, बदली, आजारपण, मुलाची बदललेली शाळा किंवा दहावीचं वर्ष, ही सगळी अर्जाची खरी कारणं आहेत. अर्जाला जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत, गेल्या सहा महिन्यांच्या भेटींच्या नोंदी, शाळेचा ताजा अहवाल आणि तुम्हाला हवं असलेलं नवं वेळापत्रक तयार करून जोडा. वेळापत्रकाची एक प्रत अर्जाआधीच दुसऱ्या पालकाला पाठवा. होकार आला तर दोघांच्या सह्यांची पुरसीस देऊन बदल नोंदवून घेता येतो, आणि त्यासाठी उलटतपासाची गरज पडत नाही.